दोन निशाणांचे जहाज



आमचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय आणि संपाचा मांडव. तेव्हा आरमाराच्या इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच आहे. आम्ही इतकेच म्हणू की, लढाऊ जहाज हा शेकडो माणसांच्या श्रमांवर चालणारा तरंगता कारखाना असतो. त्या नजरेने एका जहाजाची हकीकत सांगतो.

१८०० साली फ्रान्समधील रोशफोर येथे 'द्युगे-त्रुएँ' हे ७४ तोफांचे शिडाचे जहाज पाण्यात उतरले. फ्रान्सने १७९४ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. १८०२ साली नेपोलियनने तिला पुन्हा कायद्याचा आधार दिला. आजच्या हैतीतील मुक्त झालेले गुलाम प्राणपणाने लढत होते. त्यांना दडपण्याच्या मोहिमेत १८०३ साली हे जहाज तिकडे होते. जहाजाला मत नसते, हुकूम असतो. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाली, हे मात्र विसरू नये.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईतून हे जहाज निसटले. पण ४ नोव्हेंबरला स्पेनच्या ऑर्तेगाल भूशिराजवळ इंग्रजांनी गाठले. कप्तान तूफे ठार झाले, जहाज पकडले गेले. इंग्रजांनी त्याचे नाव बदलून 'इम्प्लेकेबल' ठेवले. तेच लाकूड, त्याच तोफांच्या खिडक्या. धनी तेवढा बदलला. १८०८ साली ते बाल्टिक समुद्रात रशियाशी लढले, १८४० साली सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेत होते. १८५५ पासून त्यावर मुलांना खलाशाचे शिक्षण मिळू लागले. लढण्यापेक्षा शिकविण्यातच त्याचे अधिक आयुष्य गेले.

पुढे त्याच्या शेजारी, त्याच कामासाठी, आणखी एक जहाज नांगरलेले असे. ते आपल्या मुंबईचे! वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली मलबारी सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली'. तेथे त्याला 'फूद्रोयाँ' म्हणत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडची तिजोरी रिकामी होती. 'इम्प्लेकेबल'च्या दुरुस्तीचा खर्च पेलवेना. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी त्यावर इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे चढवून, सुरुंग लावून ते समुद्रात बुडविण्यात आले. ते लगेच बुडेना, हेही नमूद केले पाहिजे. त्याच्या पिछाडीचे कोरीव काम ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. लोक हळहळले, आणि त्या हळहळीतून जुनी जहाजे जपण्याची चळवळ उभी राहिली. मुंबईचे जहाज मात्र वाचले. डागडुजी होऊन ते इंग्लंडात हार्टलपूल येथे उभे आहे.

आमच्या संघटनेतील एका जुन्या जॉबरला तीस वर्षांच्या नोकरीनंतर एका गिरणीने एका चिठ्ठीवर घरी बसविले. निशाण तर राहोच, कोणी निरोपाचा नारळही दिला नाही. आम्ही त्याची बाकी मिळवून दिली, पण त्याचा तो चेहरा आम्हांस विसरता येत नाही.

वाडियांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. पण ते सागवान तासणारे सुतार, रोशफोरचे लोहार, शिडे शिवणारे हात यांची नावे कोणास ठाऊक आहेत? लाकूड जपायला जग उशिरा का होईना शिकले. राबणारा माणूस झिजला म्हणजे त्याला कसे वागवावे, हे आपण केव्हा शिकणार? एवढा प्रश्न आपल्यापुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.