गाडीचं ऑइल आपणच बदलू

आम्ही पैठण तालुक्यातल्या पाचोडहून बोलतोय.

आमच्या गटाकडे जुनी मारुती ओम्नी आहे. पापड, लोणची, मसाले घेऊन आम्ही तिच्यातूनच आठवडी बाजाराला जातो. गेल्या उन्हाळ्यात इंजिन खडखडायला लागलं. महिन्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलल्याचे पैसे दिले होते. शेवटी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दादांना गाडी दाखवली. फिल्टर गंजलेला, जुनाच! दादा म्हणाले, "अजून थोडे दिवस चालवली असती, तर इंजिन सीज झालं असतं." आमच्या बारा जणींची बचत त्या गाडीत आहे. तेव्हाच ठरवलं, हे काम शिकायचं.

बैलगाडीच्या आखाला वंगण लागतं, तसंच इंजिनालाही. ऑइल जुनं झालं की लोखंडावर लोखंड घासतं.

आता काम ऐका. कोणतं ऑइल, किती लिटर आणि किती किलोमीटरला, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट ऑइल लवकर गळतं, पण उकळतं ऑइल हात भाजतं. आम्ही दादांच्या सिमेंटच्या रॅम्पवर गाडी घेतो. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. जीव गेला तर बचत काय कामाची?

खाली घमेलं ठेवून चेंबरचा नट काढा. सगळं ऑइल गळू द्या. नटाला नवा वायसर घालून तो पुन्हा बसवा. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते पाहा. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटानं ऑइल लावून फिल्टर हातानंच आवळा. मग नवं ऑइल थोडं कमीच ओता. एक मिनिट गाडी चालू करा. ऑइलचा लाल दिवा विझला पाहिजे, खाली गळती दिसली नाही पाहिजे. गाडी सपाट जागेवर आणा, बंद करून थोडं थांबा आणि पट्टीनं मोजा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त झालं तरी इंजिनाला त्रासच.

जळकं ऑइल मात्र नाल्यात, शेतात ओतू नका, चुलीत जाळू नका. २०१६च्या सरकारी नियमांत तो घातक कचरा आहे. आपल्या भागात विहिरीच्या पाण्याची किंमत सांगायला नको. आम्ही ते कॅनमध्ये बंद करून परवानाधारक ऑइल गोळा करणाऱ्याकडे देतो. हात साबणानं धुतो.

मजुरीचे पैसे वाचतात, पण ते थोडेच. खरा फायदा वेगळा आहे. आता तारीख आणि किलोमीटर गटाच्या वहीत लिहिलेले असतात. कुणी "बदललंय" म्हटलं, तरी आम्ही पट्टी काढून स्वतः बघतो.

तुमच्या गटाकडे गाडी असेल, तर आज ती पट्टी तेवढी काढून बघा. पुन्हा भेटू. नमस्कार.