न पेरलेले धान्य

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत मराठी आणि हिंदी घरे शेजारीशेजारी नांदतात. मराठी घर ज्या तिथीला श्रावण वद्य षष्ठी म्हणते, ती हिंदी घराच्या पंचांगात भाद्रपदाची षष्ठी असते. त्या दिवशी तेथील माता मुलांच्या आयुष्यासाठी हरछठचे व्रत करतात. पुढे पंधरवड्याने मराठी घरी ऋषिपंचमी येते. व्रते निराळी, त्यांच्या कथाही निराळ्या. परंतु ताटाचा नियम एकच. नांगरलेल्या शेतातले काही त्या दिवशी खावयाचे नाही. मराठी स्त्रिया म्हणतात, बैलाच्या कष्टाचे नको. मग भात कोठून आणावयाचा? तो तळ्याच्या काठावरून येतो. जबलपुराकडे त्याला पसई म्हणतात, महाराष्ट्रात देवभात आणि संस्कृतात नीवार.

हे नाव फार जुने आहे. शाकुंतलात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याच्या ज्या खुणा दिसतात, त्यांत झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. १९६५ मध्ये शर्मा आणि शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी रानभाताच्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा तिला त्यांनी ‘ओरायझा निवारा’ असे नाव दिले. ऋषींचे अन्न अशा रीतीने वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात आले.

हा भात शेतातल्या भातापेक्षा वेगळा कशात आहे? दाणा हे माणसाचे अन्न खरे. पण रोपाच्या दृष्टीने ती आपल्या अंकुरासाठी बांधून दिलेली शिदोरी होय. ही शिदोरी सुखरूप राहावी म्हणून नीवाराने अनेक युक्त्या योजलेल्या आहेत. त्याच्या दाण्याला लांब, खरखरीत कुसळ असते. एका लोंबीतले सगळे दाणे एकदम पिकत नाहीत. जो पिकतो तो लगेच गळून चिखलात पडतो. तेथेही तो तात्काळ उगवत नाही. अनुकूल काळाची वाट पाहत निजून राहतो. म्हणून पसई गोळा करणाऱ्यांना विळा उपयोगाचा नसतो. लोंब्यांवरून टोपली फिरवून हाती लागेल तेवढेच धान्य घ्यावयाचे, उरलेले तळ्याचे. पुढल्या वर्षीचे बियाणे या गळतीतच राखले जाते.

शेतकऱ्याला मात्र गळणारा दाणा परवडत नाही. काही सहस्र वर्षांपूर्वी आशियातील माणसांनी रानभात कापून आणावयास आरंभ केला, तेव्हा लोंबीला धरून राहिलेले दाणेच घरी पोहोचले आणि तेच पुन्हा पेरले गेले. पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेल्याने न गळणारा भात तयार झाला. दाणा गळावा की टिकावा हे ठरविणाऱ्या जनुकांपैकी एकातील अगदी लहानसा बदलही या स्थित्यंतराला मोठा हातभार लावून गेला, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. परंतु निवड म्हटली की त्याग आलाच. माणसाने जी थोडी रोपे उचलली, त्यांच्याबरोबर रानभाताच्या गुणसंपत्तीचा काही अंशच शेतात आला. बाकीचा ठेवा तळ्यातच राहिला.

त्या ठेव्याचे मोल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळून आले. भरघोस पिकणाऱ्या थोड्या वाणांनी आशियातील मोठमोठी क्षेत्रे व्यापली आणि तपकिरी तुडतुड्यांनी पसरविलेल्या एका विषाणूने त्यांना ग्रासले. रोपे खुजी राहत, गवतासारखे फुटवे फुटत आणि लोंबी धरत नसे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्या सर्वांत या रोगाला दाद न देणारा नमुना एकच निघाला, आणि तो उत्तर प्रदेशातून आलेल्या नीवाराचा होता. त्याच्याशी संकर करून जी वाणे सिद्ध झाली, त्यांपैकी १९७६ मध्ये आलेले आय. आर. ३६ हे पुढे जगातील सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या भातांपैकी एक ठरले. कोट्यवधी माणसांच्या भाकरीतुकड्याला न पेरलेल्या धान्याचा असा आधार मिळाला.

तरीही शेतकऱ्याला रानभात नकोसा वाटतो, आणि त्याचे कारणही खरे आहे. तो शेताच्या भाताशी संकर पावतो. त्यांची प्रजा पिकात दडून वाढते आणि कापणीपूर्वीच दाणे गाळून टाकते. कोवळेपणी दोन्ही रोपे इतकी सारखी दिसतात की, ती ओळखू यावीत म्हणून छत्तीसगडात जांभळ्या पानांचा भात लावण्याची युक्ती काढण्यात आली. एका जबलपूर शहरातच एकीकडे तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि दुसरीकडे नवी वाणे घडविणारे, १९६४ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. एकच रोप पहिलीच्या दृष्टीने शत्रू, तर दुसऱ्याच्या दृष्टीने ठेव. संकराचा तोटा दोन्ही बाजूंना होतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. कारण त्यात नीवाराचे नीवारपणही हळूहळू ओसरत जाते.

त्याहून मोठे संकट तळ्यांवरचे आहे. बावन्न तळ्यांचे गाव अशी जबलपूरची ख्याती होती. आज चेरीताल म्हटले की लोकांना वस्ती आठवते, पाणी नव्हे. बियाण्यांच्या पेढ्यांत, शीतगृहांत, नीवाराचे दाणे जपून ठेवलेले आहेत आणि ते आवश्यकच आहे. पण शीतगृहातला दाणा ज्या दिवशी ठेवला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो. बदलते ऊन, नवे कीटक, नवे रोग यांच्याशी झगडून तो काही नवे शिकत नाही. ते शिक्षण चिखलातच मिळते.

हरछठच्या आधी बाजारात पसई नेहमीच्या तांदळाहून पुष्कळ महाग विकली जाते. ती वेचणाऱ्याला चार पैसे मिळतात, म्हणून अमुक तळ्यात ती उगवते ही माहिती जिवंत राहते, आणि ज्या तळ्यातून काही मिळते ते बुजविण्यापूर्वी गाव थोडा विचार करते. व्रत करणाऱ्या स्त्रियांनी जीवशास्त्राचा हेतू मनात धरला नव्हता. वर्षातून एक दिवस नांगराचे ऋण न घेता जेवावे, एवढाच त्यांचा संकल्प होता. परंतु जे खाल्ले जाते त्याची आठवण राहते, आणि ज्याची आठवण राहते ते राखले जाण्याची आशा असते. नांगराच्या शेताला पुन्हा कधी गरज पडली, तर नीवार मागावयास माणसाला तळ्याकडेच जावे लागेल. त्या वेळी तेथे तळे असले पाहिजे.