आधी सापशिडी लिहा



पेरुंगुडीत एकीकडे ओएमआरच्या काचेच्या इमारती आहेत, दुसरीकडे शहराचा कचरा डेपो. कुठे कोण काम करतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या इमारतींत नोकरी शोधायला महाराष्ट्रातून आलेले तुम्ही बहुतेक घरातले पहिले पदवीधर. घरी कॉम्प्युटर नव्हता. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम 4.4 टक्के घरांत तो होता, शहरांत 23.4 टक्के. शेजारचा मुलगा भराभर कोड लिहितो तेव्हा लोक त्याला उपजत हुशार म्हणतात. असेलही, पण त्यामागे शाळेपासून कीबोर्डवर घालवलेले तास आहेत. ते तास आपल्याला आता भरून काढायचेत.

त्यासाठी सापशिडी लिहा. नियम पाठ असतात, त्यामुळे लक्ष कोडवर राहतं. सोंगटी कितव्या घरात आहे तो आकडा म्हणजे व्हेरिएबल. फासा म्हणजे 1 ते 6 मधला कुठलाही अंक. सापाच्या तोंडाशी आलो का, ही इफची अट. 100 गाठेपर्यंत दान टाकत राहणं, हा लूप.

आता गंमत बघा. ‘स्थान 100 नाही तोवर खेळ चालू’ असं लिहिलंत आणि सोंगटी 97 वर असताना 6 पडले, तर ती 103 वर जाते. पुढे ती 100 वर कधीच येणार नाही. प्रोग्राम रात्रभर फासे टाकत बसेल. नेमकं दान पडेपर्यंत थांबायचं, हा नियम घरी आपण न बोलता पाळतो. मशीनला न सांगितलेलं काहीच कळत नाही. सरासरी काढायच्या त्या निर्जीव उदाहरणांतून हे इतक्या लवकर उमगत नाही.

खेळ म्हणजे पोरखेळ समजू नका. 1972 मध्ये अटारीत नोलन बुशनेलने नव्या इंजिनिअरला, ॲलन अल्कॉर्नला, हात बसावा म्हणून टेबल टेनिससारखा खेळ करायला दिला. तोच ‘पाँग’. (तो सर्किट जोडून केला होता, पण सराव तो सरावच.)

रेडीमेड प्रोजेक्ट विकत घेऊ नका. मुलाखतीत ‘ही ओळ कशासाठी?’ विचारलं की तोंड बंद होतं. आडनाव ऐकून नाक मुरडणारे भेटतीलच, सापशिडी त्यांना सुधारणार नाही. निदान त्या ओळीचं उत्तर तुमच्यापाशी असेल.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड घ्या. आज फक्त फासा लिहा, उद्या एक सोंगटी चालवा, परवा साप घाला. दोन खेळाडूंची स्थानं कशी सांभाळायची, ते पुढच्या रविवारी तुमचाच कोड उघडून बघू.