सांभाळणारीला कोण सांभाळणार?

आज आपण स्मृतिभ्रंशाबद्दल, म्हणजे डिमेन्शियाबद्दल बोलू. पण आजारी माणसापेक्षा त्याला सांभाळणाऱ्या बाईबद्दल जास्त.

हा मेंदूचा आजार आहे. म्हातारपणी सगळ्यांनाच होतो असं नाही, आणि ही करणीही नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे.

सासूबाई जेवतात आणि तासाभरात ओट्यावर बसून सांगतात, "सून जेवायला देत नाही." पाटल्या स्वतःच कुठंतरी ठेवतात आणि चोरीचा आळ सुनेवर घेतात. त्या खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच आठवत नसतं. पण गल्ली ऐकते आणि दिवसभर राबणारी सून बदनाम होते. म्हणून आमच्या गटात आम्ही ठरवलंय, असं काही कानावर आलं तर पुढे न्यायचं नाही. आधी त्या घरी जायचं.

जाऊन "सेवा म्हणजे पुण्य" असं सांगू नका. "काही लागलं तर सांग" हेही नको, ती सांगणार नाही. "बुधवारी दुपारी दोन तास मी आजींजवळ बसते, तू झोप," असं म्हणा. आम्ही अशा पाळ्या लावतो. गटाची बैठकही अधूनमधून तिच्याच ओसरीवर घेतो, म्हणजे ती गटातून तुटत नाही.

आणि सांभाळणाऱ्या मैत्रिणी, हे तुझ्यासाठी. "आत्ताच तर जेवलात" असा वाद घालू नको, वाटीभर पेज पुढे कर. संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते. दिवा लवकर लाव, अंघोळीसारखी कामं सकाळीच उरक. राग अनावर झाला तर दाराबाहेर ये, घोटभर पाणी पी. राग आला म्हणजे माया आटली असं नाही. रात्रीची पाळी नवऱ्याला, दिराला, नणंदेला वाटून दे. आई त्यांचीही आहे.

झोप उडाली, सारखं रडू येतंय, जीव नकोसा झालाय, तर १४४१६ वर फोन लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. मोफत, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं.

मैत्रिणींनो, या आठवड्यात गटाचा हजेरीपट उघडा. तीन बैठकांना कोण आली नाही ते बघा. दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.