न दिसणारी सूज
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "तू डॉक्टर आहेस, तेव्हा काहीतरी उपयोगाचं बोल, आणि जेवण थंड व्हायच्या आत संपव." म्हणून संधिवाताच्या माझ्या रोजच्या कामातली एकच गोष्ट सांगतो.

आपण रे रोडची मुलं. वखारीत लाकडं उचलणारे, दारूखान्यात लोखंड तोडणारे, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, असे आपले आईबाप. हातावर पोट म्हणतात ते आपल्याकडे अगदी शब्दशः खरं होतं. बोटं आखडली की "वात आलाय" म्हणायचं, बाम चोळायचा आणि कामाला लागायचं. पण सगळे वात सारखे नसतात. आपल्या वयात गुडघे कुरकुरतात ती बहुधा झीज. आमवात वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू हाड कुरतडतं.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये भिगवण गावात घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ तपासले. आमवाताचं प्रमाण निघालं साधारण 0.5 टक्के, म्हणजे दोनशे माणसांत एक. आज या हॉलमध्ये आपण तेवढे नक्की आहोत. आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

औषधं आज चांगली आहेत. मेथोट्रेक्सेटची गोळी तर स्वस्तही आहे. अडचण पुढची आहे. वखारीला लागलेली आग आपण लहानपणी पाहिली आहे. ज्वाळा विझल्या तरी बंबवाले लगेच जात नसत, कारण भुशाच्या आत धग असते. सांध्याचंही तसंच आहे. दुखणं थांबतं, ईएसआर, सीआरपी ठीक येतात, हाताला सूज लागत नाही, तरी आत थोडी धग राहू शकते. इंग्लंडमध्ये लीड्सच्या डॉक्टरांनी असे 'बरे झालेले' रुग्ण सोनोग्राफीने तपासले. ज्या सांध्यांत सूज शिल्लक दिसली, त्यांचं हाड वर्षभरात बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त निघाली.

सोनोग्राफीत दोन गोष्टी दिसतात. एक, अस्तर किती जाड झालंय. दुसरी, पॉवर डॉपलर लावलं की त्यात रक्त किती खेळतंय. लाल-केशरी ठिपके दिसले की समजायचं, आत दाह आहे. पण एकेक सांधा तपासायचा तर वेळ लागतो आणि शिकलेला हात लागतो.

इथे थर्मल कॅमेरा मदतीला येतो. सुजलेल्या सांध्यात रक्त जास्त, म्हणून वरची कातडी किंचित गरम. तो फरक आपल्या तळहाताला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. स्पर्श नाही, क्ष-किरण नाहीत, दोन्ही हातांचं चित्र क्षणात. सिंगापूरच्या डॉक्टरांनी ही दोन्ही तंत्रं एकत्र वापरून पाहिली आहेत. कॅमेऱ्याने गरम जागा हेरायची आणि सोनोग्राफीने आत डोकावायचं, असा हा विचार.

पण मर्यादाही ऐका. उन्हातून, गर्दीच्या लोकलमधून आलेल्या माणसाचा लगेच फोटो काढला तर तो मुंबईचाच ताप दाखवील. आधी थंड, स्थिर तापमानाच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवावं लागतं. खुब्यासारखा खोल सांधा कॅमेऱ्याला दिसत नाही. आमवात दोन्ही हातांना होतो, त्यामुळे डाव्या हाताची उजव्याशी तुलना फसू शकते. शिवाय 2015 आणि 2016 मध्ये स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या चाचण्यांत असं दिसलं, की नीट तपासून वेळेवर औषध वाढवणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांना नेमाने केलेल्या सोनोग्राफीने फारसा जास्त फायदा झाला नाही. तेव्हा यंत्र हे शंका फेडण्यासाठी. प्रत्येक ठिपक्यामागे औषध वाढवायचं नसतं.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. गर्भलिंगनिदान रोखायला देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. त्यामुळे सांध्यासाठी वापरायचं सोनोग्राफी यंत्रही नोंदवावं लागतं आणि ते सहज उचलून वस्तीत नेता येत नाही. मुलींचे जीव वाचवणारा तो कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण थर्मल कॅमेऱ्याला असं बंधन नाही. तो पुरेसा भरवशाचा ठरला, तर वस्तीतल्या शिबिरात कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला उपयोगी पडेल. माझी सारी आशा तिथे आहे. कारण पहिले काही महिने हातचे गेले, तर वाकडी झालेली बोटं कुठल्याच गोळीने सरळ होत नाहीत.

तोवर कॅमेऱ्याशिवायची तपासणी सांगतो. सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहतात का? हस्तांदोलन करताना कुणी हात दाबला की कळ येते का? हे सहा आठवडे चाललं असेल, तर बाम बाजूला ठेवा आणि संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. परळचं केईएम आपल्याला लांब नाही. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हे दोन प्रश्न विचारा. त्या स्वतःहून सांगणार नाहीत. आपल्या आयाही सांगत नव्हत्या.

आता जेवायला चला.