सामान्यज्ञान : उत्तरामागचे तीन प्रश्न

(कणकवली येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



सामान्यज्ञान हा शब्द आपण सारे सहजपणे वापरतो. शाळेत त्याच्या स्पर्धा होतात, नोकरीच्या परीक्षेत त्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते आणि बाजारात त्याची पुस्तके ढिगांनी मिळतात. या पुस्तकांतील प्रश्नोत्तरे मुले घोकतात. परदेशातील नद्यांची आणि राजधान्यांची नावे त्यांना तोंडपाठ असतात. मात्र ज्या गड नदीच्या पुलावरून मूल रोज शाळेला येते, ती नदी समुद्राला कोठे मिळते हे विचारले तर ते गोंधळते. यात मुलाचा दोष नाही. हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

दूरचे ज्ञान नको असे माझे म्हणणे नाही. परंतु पाठ केलेले उत्तर आणि समजलेले उत्तर यांत अंतर आहे. ते ओळखण्यासाठी प्रत्येक उत्तराला तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवितो. हे केव्हापासून? हे कोणी ठरविले? आणि याचा नेमका अर्थ काय? नागरिकशास्त्र, खेळ आणि वन्यजीव या तीन विषयांतील उदाहरणे घेऊन ही कसोटी आपण लावून पाहू.

हे तीन विषय एकत्र घेण्याला कारण आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे व राज्यांचे अधिकार वाटून दिलेले आहेत. तेथे हे तिन्ही विषय भेटतात. स्थानिक शासन हा राज्यसूचीतील पाचवा विषय, तर खेळ हा त्याच सूचीतील तेहतिसाव्या नोंदीत येतो. वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण हा विषयही पूर्वी राज्यांकडेच होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे त्यावर केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो. ग्रामपंचायतीची कचेरी, शाळेचे क्रीडांगण आणि गावामागचे रान ही आपल्याला वेगवेगळी वाटतात. घटनेने त्या सर्वांची दखल घेतलेली आहे.

हे केव्हापासून?

नागरिकशास्त्राची उत्तरे काळाबरोबर बदलतात. महाराष्ट्रात जिल्हे किती, हा अगदी साधा प्रश्न पाहा. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच दिवशी जालना जिल्हाही झाला. पुढच्याच वर्षी लातूर व गडचिरोली यांची भर पडून संख्या ३० झाली. १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम व नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर असे जिल्हे होत होत आज ही संख्या ३६ आहे. तेव्हा ज्या जुन्या पुस्तकात ३० हा आकडा छापलेला आहे ते पुस्तक चुकीचे नव्हे, ते आपल्या काळापुरते बरोबर होते. मात्र ते आज मुलाच्या हाती दिले तर त्याचा गुण जातो.

मतदानाचे वय हे दुसरे उदाहरण. ते २१ वर्षे होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ झाले. सरपंचाच्या निवडणुकीचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. पूर्वी निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत. २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट मतदारांकडून व्हावी अशी तरतूद झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. पाच वर्षांत तीन वेळा उत्तर बदललेल्या या प्रश्नाला वर्ष जोडल्याशिवाय उत्तर देणे शक्यच नाही.

येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांसाठी आणखी एक प्रश्न. ग्रामसभेची गणपूर्ती किती मतदारांनी होते? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गावात ६०० मतदार असतील तर ९० जणांनी गणपूर्ती होते. २,००० मतदार असले तर १५ टक्के म्हणजे ३०० होतात, परंतु १०० उपस्थित असले तरी पुरते. हे उत्तर स्पर्धेत एका गुणाचे आहे. गावात मात्र त्यावर सभा होणार की तहकूब होणार हे ठरते, आणि ज्या ग्रामस्थाला ते ठाऊक असते त्याला सभेतून कोणी परत पाठवू शकत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. त्या स्थानाचा उपयोग करावयाचा तर नियमांची ओळख असावी लागते.

हे कोणी ठरविले?

खेळाच्या प्रश्नांत सर्वांत लोकप्रिय प्रश्न कोणता? भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, हा. उत्तर ठरलेले असते : हॉकी. पिढ्यानपिढ्या मुलांनी हे उत्तर लिहिले आणि गुण मिळविले. धुळे जिल्ह्यातील एका शिक्षकाने माहितीच्या अधिकाराखाली हाच प्रश्न केंद्र शासनाला विचारला, तेव्हा २०२० मध्ये उत्तर आले की शासनाने कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेले नाही. असेच उत्तर २०१२ मध्येही देण्यात आले होते.

यामुळे हॉकीचे मोठेपण तिळमात्र उणावत नाही. १९२८ ते १९८० या काळात भारताने ऑलिंपिक स्पर्धांत हॉकीची आठ सुवर्णपदके मिळविली. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळतो. परंतु लोकांच्या मनातील मान वेगळा आणि शासनाची अधिसूचना वेगळी. राष्ट्रभाषेच्या प्रश्नातही हाच घोटाळा होतो. घटनेचा ३४३ वा अनुच्छेद देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतो. राष्ट्रभाषा अशी कोणतीही भाषा घटनेने ठरविलेली नाही. त्या धुळ्याच्या शिक्षकाचे मला विशेष वाटते ते यासाठी, की पुस्तकात छापलेले उत्तर त्यांनी प्रमाण मानले नाही. ज्याला ते ठरविण्याचा अधिकार आहे त्यालाच त्यांनी विचारले. टपालाच्या थोड्याशा खर्चात झालेला हा नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ होय.

खेळातील 'पहिला कोण' या जातीचे प्रश्नही शब्द तोलून विचारावे लागतात. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविले. ते कांस्यपदक होते. पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक अभिनव बिंद्रा यांचे, २००८ चे. परंतु दिव्यांगांच्या पॅरालिंपिक स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्येच जलतरणात सुवर्णपदक जिंकले होते. १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा सैनिक. प्रश्नात 'ऑलिंपिक' हा एक शब्द नीट लिहिला नाही तर पेटकरांसारखा माणूस उत्तरातून वगळला जातो.

आपल्या शेजारचेही एक नाव सांगतो. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्यांचे गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. कणकवलीहून फोंडाघाट चढून गेले की आपण त्याच तालुक्यात पोहोचतो. जगाच्या स्पर्धेतील प्रश्नाचे उत्तर घाटमाथ्यापलीकडे राहते, हे आपल्या मुलांना कळले तर त्यांना ते पाठ करावे लागणार नाही.

याचा नेमका अर्थ काय?

राधानगरीचे नाव निघाले म्हणजे वन्यजीवांकडे वळावेच लागते. दाजीपूरचे रान गव्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि १९५८ मध्ये जाहीर झालेले हे राज्यातील सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक होय. कित्येक फलकांवर व पुस्तकांवर गव्याला 'बायसन' म्हटलेले आढळते. बायसन हा अमेरिका व युरोपातील निराळा प्राणी. आपला गवा हा गाईबैलांच्या जवळच्या कुळातला आहे. नाव चुकले की नातेही चुकते.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफूल ताम्हण, हे आपल्या मुलांना पाठ असते. ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळाला आणि पांढरी चिप्पी या वृक्षाला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा. यांतील किती गोष्टी मुलांनी पाहिलेल्या असतात? ताम्हण उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी बहरतो. पांढरी चिप्पी आपल्या खाड्यांच्या काठी उभी असते. एका सहलीत जे दिसेल ते दहा वेळा लिहून काढण्याची गरज राहणार नाही.

मालवणचा समुद्र हा तर उघडा वर्ग आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील प्रवाळ म्हणजे दगड, वनस्पती की प्राणी, असे विचारून पाहा. प्रवाळ हा प्राणी आहे. सूक्ष्म जीवांच्या वसाहती चुन्याचे सांगाडे रचतात आणि त्यांच्या आश्रयाने मासे वाढतात. दगड समजून तो तोडणाऱ्याला आपण जिवंत प्राणी मारीत आहोत याची कल्पनाही नसते. कायदा मात्र त्याला वन्य प्राण्याचेच संरक्षण देतो.

आता ज्या प्रश्नावर जीव अवलंबून असतो तो घेतो. विषारी साप किती? 'चार' असे उत्तर आपल्याकडे ठाम दिले जाते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. वास्तविक चार ही विषारी सापांची संख्या नव्हे. माणसाच्या सर्वाधिक मृत्यूंस कारणीभूत मानलेल्या आणि ज्यांच्या विषावर आपल्याकडील प्रतिविष तयार केले जाते, अशा सापांची ती संख्या आहे. चापडा विषारी आहे. समुद्रसर्प तर अत्यंत विषारी असतात आणि आपल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत ते येतात. रुग्णालयातील नेहमीचे प्रतिविष समुद्रसर्पाच्या विषासाठी बनविलेले नसते. 'चारांतला नाही, म्हणून बिनविषारी' असे मानून कोणी जाळ्यातला साप हाताने सोडवू लागला, तर अर्धवट सामान्यज्ञान त्याच्या जिवावर बेतेल.

फुरशाविषयीही बोलले पाहिजे, कारण कोकणचा कातळ हे त्याचे घर आहे. हात-दीड हात लांबीचा हा साप दगडाखाली, पाल्याखाली पडून राहतो आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. आकाराने लहान म्हणून दंश किरकोळ समजण्यात धोका आहे. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, घट्ट दोरी आवळू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला धीर द्यावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ही चार वाक्ये प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावीत. विंचूदंशाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातल्या छोट्या गावी रुग्ण तपासता तपासता उपचाराची नवी दिशा शोधली आणि तिची दखल जगातील वैद्यकीय नियतकालिकांनी घेतली. ज्ञान नेहमी दुरूनच येते असे नाही.

आपण काय करावे?

मी एक साधी सूचना करतो. प्रत्येक शाळेने गावाची एक प्रश्नवही सुरू करावी. तिच्यात प्रश्न, उत्तर, वर्ष आणि आधार असे चार रकाने आखावेत. आधाराच्या रकान्यात 'पुस्तकात आहे' एवढे लिहून भागवू नये. राजपत्र, घटनेचा अनुच्छेद, पंचायतीची नोंद किंवा स्वतः पाहिलेली गोष्ट, यांपैकी काहीतरी तेथे असावे. ज्या प्रश्नाला आधार मिळत नाही तो स्पर्धेत विचारू नये. जैवविविधता कायदा २००२ चा. त्या अन्वये गावाने आपली लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ती कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावी आणि गावातील झाडे, मासे, पक्षी यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यात भर घालावी. अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा ही प्रश्नवही पाहून बदललेली उत्तरे दुरुस्त करून द्यावीत.

तिच्या पहिल्या पानासाठी कणकवलीचाच एक प्रश्न देतो. येथील गोपुरी आश्रम कोणी उभारला? कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी. हे उत्तर आपणा सर्वांना येते. मग पुढे विचारा : १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण कशासाठी केले? तुरुंगातील सफाईचे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतले जाई. ते काम आपल्यालाही करू द्यावे, एवढीच अप्पासाहेबांची मागणी होती. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण आरंभिले. पहिल्या उत्तराने मुलाला एक नाव मिळते. दुसऱ्या उत्तराने त्याला समतेचा अर्थ कळतो, आणि आपल्या गावातील सफाईच्या कामाकडे तो निराळ्या नजरेने पाहू लागतो.

पुढील वर्षी या तालुक्यात सामान्यज्ञानाची स्पर्धा भरेल तेव्हा तिच्यातील निम्मे प्रश्न तरी मुलांनी स्वतः शोधलेले, पडताळलेले आणि या मातीतले असावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.