गोंदियाची राईस मिल आणि फायनान्सची मास्टर्स

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून निघालाय. बी.कॉम. झालेली गोंदिया, तिरोडा, आमगावकडची बरीच मुलं विचारून राहिली आहेत की फायनान्शियल अ‍ॅनालिसिसमध्ये मास्टर्स करावी का? केली तर कुठून? आणि घरचे विचारतात, हे शिकून नेमकं करशील काय?

घरच्यांचा प्रश्न आधी घेऊ, कारण तोच सगळ्यात अवघड आहे.

हे शेअरच्या टिप्स देणं नाही. टेलिग्रामवर 'उद्या हा शेअर पळणार' म्हणणाऱ्याचा या विषयाशी संबंध नाही. अ‍ॅनालिस्ट एखाद्या धंद्याचे आकडे वाचतो आणि सांगतो, की इथं पैसा खरंच तयार होतोय की फक्त कागदावर दिसतोय. आणि त्यासाठी दलाल स्ट्रीटवर जायची गरज नाही. आपल्याकडे राईस मिल आहेत ना!

समजा, एका मिलचा वर्षाचा नफा ४० लाख आहे. बाप रे, मस्त! आता ताळेबंद उघडा. मागच्या वर्षी लोकांकडून येणं होतं ५० लाख, यंदा ते १ कोटी २० लाख झालंय. म्हणजे ७० लाख रुपये जास्तीचे बाहेर अडकले. घसारा आणि बाकीचं तूर्तास बाजूला ठेवू. नफा ४०, अडकले ७०. हातात आले उणे ३० लाख. मग मिल चालली कशी? बँकेच्या सीसी लिमिटवर. त्याचं व्याज चालू आहे, आणि मालक लग्नात सांगतोय, यंदा ४० लाख कमावले. खोटं बोलत नाही तो. पण बँकेत बसलेल्या अ‍ॅनालिस्टला त्या ४० पेक्षा हे उणे ३० आधी दिसायला पाहिजे.

अजून एक आकडा बघा. सरकारी धानाची भरडाई करणाऱ्या मिलला १०० क्विंटल धानामागं ६७ क्विंटल तांदूळ परत द्यावा लागतो. उष्णा असेल तर ६८. आता धान हलकं निघालं, तांदूळ ६४ च क्विंटल पडला, तर? वरचे तीन क्विंटल मिलवाल्याच्या खिशातून. १०,००० क्विंटल धान भरडलं तर ३०० क्विंटल तांदूळ, किलोला ३० रुपये धरले तरी ९ लाख रुपये. कोंडा आणि कणी विकून यातलं किती भरून निघतं, भरडाईचे पैसे सरकारकडून किती महिन्यांनी येतात, तोवर बँकेचं व्याज किती लागतं, हे सगळं मांडलं की त्या मिलचं खरं चित्र दिसतं. हेच फायनान्शियल अ‍ॅनालिसिस. मास्टर्समध्ये मिलच्या जागी सिमेंट कंपनी नाहीतर बँक येते, सोबत स्टॅटिस्टिक्स आणि भरपूर एक्सेल. प्रश्न तोच राहतो.

आता कुठून करायचं. जवळ म्हणाल तर आपल्या नागपूर विद्यापीठाचं एम.कॉम. किंवा एमबीए फायनान्स. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० पासूनची. तिथं फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. होते. मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी. फायनान्स. (वर्ध्याचेच ते जमनालाल, म्हणजे आपल्या विदर्भाचे.) पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस, मुंबईला विदर्भ एक्स्प्रेस, दोन्ही गोंदियातूनच सुटतात, तेव्हा गाडीचा प्रश्न नाही. आणि सीएफए ही विद्यापीठाची डिग्री नव्हे. तीन लेव्हलच्या परीक्षा, वर ४,००० तासांचा कामाचा अनुभव. नोकरी करत देता येते, पण अभ्यास कमी आहे असं कोणी सांगितलं तर हसा.

खरा मुद्दा फीचा आहे. खाजगी कॉलेजची फी आणि होस्टेल धरून १० लाखांचं कर्ज काढलं असं समजा, व्याज १० टक्के. कोर्सची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, म्हणून मुलं निवांत असतात. व्याज मात्र चढतच असतं! सरळव्याजानं तीन वर्षांचे ३ लाख. हप्ता सुरू होतो १३ लाखांवर. दहा वर्षं, महिन्याला साधारण १७,२०० रुपये. शिवाय त्या दोन वर्षांत इथं १८ हजारांची नोकरी केली असती तर ४ लाख ३२ हजार मिळाले असते. तोही खर्चच आहे, पावती मिळत नाही एवढंच.

मग कॉलेजवाले सांगतात, 'आमचं सरासरी पॅकेज साडेआठ लाख.' थांबा. दहा मुलांत एकाला ४० लाख आणि नऊ जणांना ५-५ लाख मिळाले, तरी सरासरी साडेआठच येते. तुम्ही त्या नऊ जणांत असण्याची शक्यता जास्त. ५ लाखांवर हातात येणार ३८ हजारांच्या आसपास. हप्ता वजा केला की २१ हजारांपेक्षा कमी. त्यात मुंबईत खोली, मेस, लोकलचा पास आणि घरी पाठवायचे पैसे. म्हणून सरासरी विचारू नका, मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा. आणि ते लेखी मागा. देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

कर्ज लागणारच असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजना बघून घ्या. संस्था यादीत असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. दरवर्षी ठरावीक मुलांनाच मिळते, त्यामुळे मिळेलच असं धरून हिशोब करू नका.

आणि हे सगळं करण्याआधी, आपल्याला हा विषय झेपतो का, ते फुकटात तपासता येतं. बीएसईच्या साइटवर लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल आहेत. तांदळाच्या धंद्यातली एखादी कंपनी निवडा. पाच वर्षांचा नफा एका रकान्यात, धंद्यातून आलेली रोकड शेजारच्या रकान्यात. फरक का पडला, ते एक पान मराठीत लिहा. न्यूयॉर्क विद्यापीठाचे अश्वथ दामोदरन यांची व्हॅल्युएशनची लेक्चर्स नेटवर मोफत आहेत, ती मोबाईलवर ऐका. गोडी लागली तर एनआयएसएमची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा द्या. एनआयएसएम ही सेबीनंच काढलेली संस्था, आणि या कामाला ती परीक्षा पुढे लागतेच.

ते एक पान लिहिताना तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, तर १३ लाख वाचले. रात्रीचे दोन वाजले तरी लॅपटॉप बंद करावासा वाटला नाही, तर फॉर्म भरायला घ्या. ते पान आम्हालाही पाठवा, पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घेऊन बोलू.